कवठ्याहून सीमेवरची जुनी देवळे, लेणी, गड पाहायला निघताना

दिवाळीची सुटी जवळ आली की ठरावीक प्रश्न येऊ लागतात. खिद्रापूर महाराष्ट्रात की कर्नाटकात? कर्नाटकात गाडी नेली तर पास लागतो का? पडक्या देवळात चप्पल घालून गेले तर चालते का? माहेरी आलेल्या लेकीला अर्ध्या तिकिटावर विजापूरला नेता येईल का? दंडोबाला तिकीट आहे का, आणि असेल तर ते कोण घेते?

कवठे महांकाळ तालुका असा मोक्याच्या जागी आहे की इथून मिरज, जत, अथणी, विजापूर, पंढरपूर अशा सगळ्या दिशा खुल्या होतात. अग्रणी नदी इथून पुढे कर्नाटकात जाते आणि कृष्णेला मिळते. जुन्या वास्तूंनाही राज्यसीमेची ही रेघ माहीत नव्हती. खिद्रापूरच्या देवळात कानडी शिलालेख आहेत आणि एके काळी सांगली संस्थानात असलेले तेरदाळ आज बागलकोट जिल्ह्यात आहे. आपल्याला मात्र बसचे तिकीट, गाडीचा परवाना आणि तक्रार कुठे करायची या तीन बाबतींत ही रेघ ओलांडल्याची जाणीव होते. म्हणून तेवढे नीट समजून घेऊन निघा.

आधी विचारा: ही जागा कोणाच्या ताब्यात आहे?

बहुतेक गोंधळ इथेच मिटतो. वेळ, तिकीट, फोटो, चप्पल, पूजा, सगळे नियम त्या जागेची जबाबदारी कोणाकडे आहे त्यावर ठरतात. आपल्या भागात पाच प्रकार भेटतात.

- केंद्राचे संरक्षित स्मारक: दाराशी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचा निळा फलक असतो. खिद्रापूरचे कोपेश्वर, विजापूरचा गोल घुमट, इब्राहिम रोजा ही अशी ठिकाणे. इथे १९५८चा केंद्रीय कायदा लागू होतो. स्मारकाची नासधूस केली, नाव कोरले तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- राज्याचे संरक्षित स्मारक: महाराष्ट्रात १९६०चा कायदा, कर्नाटकात १९६१चा. फलक राज्याच्या पुरातत्त्व खात्याचा असतो.
- वनखात्याची जमीन: दंडोबा डोंगर हे जवळचे उदाहरण. इथे देवळाइतकाच जंगलाचा नियम चालतो.
- देवस्थान ट्रस्ट: आरेवाडीचे बिरोबाचे बन, बनाळीची बनशंकरी अशी नांदती ठिकाणे. इथे पूजेच्या वेळा आणि गावचा रिवाज पाहावा लागतो.
- कोणाच्याच यादीत नसलेली जागा: मारुतीच्या पाराशेजारचे वीरगळ, शेताच्या बांधावरची मूर्ती, ओढ्याकाठचे पडके देऊळ. संख्येने हीच सगळ्यांत जास्त, आणि नुकसानही इथेच सर्वाधिक होते.

फलक दिसला नाही म्हणजे जागा बेवारस असे धरू नका. ग्रामपंचायतीत विचारा. तिथेही कळले नाही आणि तुम्हाला खरेच जाणून घ्यायचे असेल, तर २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून अर्ज करता येतो. सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

खिद्रापूर: नकाशावर विसंबू नका

खिद्रापूर महाराष्ट्रातच आहे, कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात. गाव कृष्णेच्या काठावर आहे आणि समोरच्या काठावरचे जुगूळ कर्नाटकात. कवठ्याकडून येताना मोबाइलवर हवाई अंतर पाहून पलीकडच्या काठाचा रस्ता धरण्याचा मोह होतो. तो टाळा. मिरजेहून नरसोबाची वाडी, कुरुंदवाड करत खिद्रापूरला पोहोचणे हा सरळ मार्ग. वाटेत वाडीला दर्शन होते, त्यामुळे घरातली ज्येष्ठ मंडळीही खूश राहतात.

कोपेश्वराचे काम शिलाहारांच्या काळात, १२व्या शतकात झाले आणि पुढे यादव राजा सिंघणाने इथे दान दिल्याचा शके ११३६चा संस्कृत शिलालेख देवळात आहे. सुरुवातीलाच स्वर्गमंडप लागतो. त्याच्या छताला मधोमध गोल मोकळी जागा सोडलेली आहे आणि मंडपाचे खांब ४८. देवळाच्या पायाशी हत्तींची रांग आहे. त्यातल्या अनेकांची तोंडे फोडलेली दिसतील. गाभाऱ्यात दोन लिंगे आहेत, कोपेश्वर आणि धोपेश्वर. एक गोष्ट मात्र नवख्याला खटकते: शिवमंदिर असून समोर नंदी नाही. सती दक्षाच्या यज्ञाला गेली तेव्हा नंदी तिच्याबरोबर गेला आणि तो आता यडूरला आहे, अशी कथा गावात सांगतात. यडूर बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी तालुक्यात. म्हणजे देव महाराष्ट्रात आणि त्याचा नंदी कर्नाटकात. भाषावार प्रांतरचनेच्या कितीतरी आधी झालेली ही वाटणी आहे, तिच्यावर आजवर कोणी दावा लावलेला नाही!

जाण्याचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला की शिरोळ तालुक्यातले रस्ते पाण्याखाली जातात. २००५, २०१९ आणि २०२१चे पूर सगळ्यांच्या लक्षात आहेत. पाऊस आपल्याकडे नसला तरी कोयना, वारणेच्या पाणलोटात असतो आणि पाणी तिकडूनच येते. त्यामुळे कवठ्यात ऊन पडले आहे म्हणून निघालो, असे करू नका. कार्तिक पौर्णिमेच्या रात्री स्वर्गमंडपाच्या झरोक्यातून येणारे चांदणे पाहायला मोठी गर्दी होते. कोरीव काम पाहायचे असेल तर तो दिवस सोडा.

कोपेश्वर पाहून बहुतेक जण लगेच गाडीत बसतात. गावातच आदिनाथाची जुनी जैन बस्ती आहे. अर्धा तास राखून ठेवा. ती नांदती बस्ती आहे, तेव्हा आत जाण्यापूर्वी पुजाऱ्यांना विचारा आणि चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवा.

दंडोबा आणि गिरलिंग: जंगलातले देव

मिरज-पंढरपूर रस्त्यावर भोसे गावाजवळ दंडोबाचा डोंगर आहे. मिरज आणि कवठे महांकाळ तालुक्यांच्या हद्दीवरच्या या डोंगरात शिवाचे लेणे कोरलेले आहे आणि गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणेची वाटही खडकातच खोदली आहे. आत अंधार असतो. मोबाइलचा उजेड पुरत नाही, बॅटरी न्या. श्रावणात, विशेषतः सोमवारी, दर्शनाला रांग लागते, आणि त्या दिवशी लेण्याचे बारकावे पाहता येत नाहीत. पाऊस सरता सरता गेलात तर डोंगर हिरवा मिळतो. कुकटोळीजवळच्या गिरलिंगाच्या डोंगरावरही कोरीव लेणी आहेत. तिथे मात्र गावातला माहीतगार माणूस बरोबर घ्या.

या दोन्ही ठिकाणी ध्यानात ठेवायचे ते असे:

- वनखात्याने शुल्काचा फलक लावला असेल तर शुल्क भरा आणि पावती घ्या. फलक नाही, पावती नाही, तर पैसे देणे तुमच्यावर बंधनकारक नाही.
- फेब्रुवारीनंतर गवत वाळून कोळ झालेले असते. चूल मांडू नका, विडी-सिगारेट पेटवू नका. वणवा दिसला तर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.
- कपारीला आग्या मोहोळ असेल तर उग्र अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा. नवस म्हणून उदबत्त्यांचा जुडगा पेटवणाऱ्यांना कोणीतरी हे सांगायलाच हवे.
- पाणी घरून न्या. हा दुष्काळी पट्टा आहे. म्हैसाळ योजनेचे पाणी द्राक्षबागांना पोहोचले तरी डोंगरमाथ्यावर पोहोचलेले नाही.

गड आणि रणभूमी

खानापूर तालुक्यातला बाणूरगड म्हणजेच भूपाळगड. १६७९ साली दिलेरखानाने तो घेतला तेव्हा संभाजीराजे त्याच्या छावणीत होते आणि गडावर किल्लेदार होते फिरंगोजी नरसाळा. बहिर्जी नाईकांची समाधी म्हणून इथली जागा दाखवतात, त्यामुळे अलीकडे गर्दी वाढली आहे. मोठे बुरूज, महादरवाजे यांची अपेक्षा ठेवून गेलात तर निराश व्हाल. इतिहास वाचून गेलात तर तो माळ वेगळा दिसेल.

जत तालुक्यातल्या उमराणीबद्दलही हेच. १६७३च्या एप्रिलमध्ये प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाच्या फौजेचे पाणी तोडून त्याला इथे कोंडीत पकडले होते. रणभूमी पाहायला जाणाऱ्यांनी एप्रिलच्या उन्हातच जावे, असे माझे थोडे आडमुठे मत आहे. पाणी तोडणे म्हणजे काय ते दुपारी बारा वाजता कळते. लहान मुले बरोबर असतील तर मात्र हे मत विसरा आणि डिसेंबरात जा.

विजापूर: इथे सीमा खरोखर आडवी येते

कवठ्याहून नागज फाट्यावर या, तिथून गुहागर-विजापूर महामार्गाने जत आणि पुढे विजापूर. १ नोव्हेंबर २०१४पासून कर्नाटकाने शहराचे अधिकृत नाव विजयपुरा केले आहे, त्यामुळे सीमेपलीकडच्या पाट्यांवर तेच दिसेल, आणि बऱ्याच पाट्या फक्त कानडीत असतील.

बसने जाणाऱ्यांसाठी. सगळ्यात जास्त वाद होतात ते सवलतींवरून. नीट वाचा.

1. मार्च २०२३पासून एसटीत महिलांना मिळणारी निम्मी सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. विजापूरचे तिकीट काढताना हद्दीपर्यंत निम्मे आणि पुढे पूर्ण भाडे लागते. वाहकाने जास्त पैसे घेतले असे वाटले तर आधी तिकिटावरचे टप्पे पाहा.
2. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा मोफत प्रवास आणि पासष्ट वर्षांवरील ज्येष्ठांची निम्मी सवलतही हद्दीपर्यंतच चालते.
3. कर्नाटकाच्या बसमध्ये जून २०२३पासून महिलांना मोफत प्रवास आहे, पण तो कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना. ओळखपत्रावर तिथला पत्ता लागतो. मिरजेचे आधार कार्ड दाखवून हट्ट धरू नका. अथणीला दिलेल्या लेकीला ती सवलत मिळेल, तिच्या आईला नाही.
4. सीमाप्रश्नावर वातावरण तापले की दोन्ही बाजू बससेवा थांबवतात. २०२२च्या अखेरीस आणि २०२५च्या फेब्रुवारीत तसे झाले होते. १ नोव्हेंबर हा तिकडे राज्योत्सवाचा आणि बेळगाव भागातल्या मराठी माणसांच्या काळ्या दिनाचा दिवस. त्या सुमाराला निघणार असाल तर आदल्या दिवशी आगारात चौकशी करा.

गाडीने जाणाऱ्यांसाठी. पांढऱ्या पाटीच्या स्वतःच्या गाडीला कर्नाटकात फिरायला जाण्यासाठी वेगळा पास लागत नाही. लायसन, आरसी, विमा, पीयूसी एवढे जवळ ठेवा. भाड्याची जीप किंवा टेंपो ट्रॅव्हलर ठरवत असाल तर पाटी पिवळी आहे का आणि कर्नाटकाचा परवाना, कर भरलेला आहे का, हे निघण्याआधी विचारा. ‘ते मी बघतो’ असे चालकाने सांगितले तरी कागद स्वतः पाहा. अडवणूक झाली की दंड चालकाला होतो आणि उन्हात रस्त्याकडेला तुमचे कुटुंब बसते. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेणे स्वस्त पडते खरे, पण ते बेकायदा आहे आणि अपघात झाल्यास विम्याचे पैसे अडकतात.

तिकिटाबद्दल. गोल घुमट आणि इब्राहिम रोजा या दोन्हीकडे वेगवेगळे तिकीट लागते. ऑनलाइन काढले तर थोडे स्वस्त पडते. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. परदेशी नागरिकांचा दर कितीतरी जास्त आहे, मात्र तुमच्या अमेरिकेतल्या नातवंडांकडे ओसीआय कार्ड असेल तर त्यांना भारतीयांचाच दर लागू आहे. कार्ड घरी विसरू नका, खिडकीवर नुसते आडनाव सांगून भागत नाही. १८ एप्रिलला, जागतिक वारसा दिनी, प्रवेश मोफत असतो.

काय, कधी पाहावे. गोल घुमट सकाळी दार उघडताच गाठा. महंमद आदिलशहाच्या या कबरीच्या घुमटाखालच्या सज्जात भिंतीशी कुजबुजले की पलीकडच्या टोकाला ऐकू येते. शाळांच्या सहली आल्या की तिथे फक्त शिट्ट्या आणि किंकाळ्या ऐकू येतात. सज्जापर्यंत सात मजले अरुंद जिन्याने चढावे लागतात. गुडघ्यांचे दुखणे असलेल्यांना खालीच बसवा, आवारातले वस्तुसंग्रहालय त्यांच्यासाठी चांगले. ते शुक्रवारी बंद असते. दुपारच्या उन्हात इब्राहिम रोजा, आणि उतरत्या उन्हात मुलूख-ए-मैदान तोफ. ही तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली. आपल्याकडची मंडळी अफझलखानाशी नाते सांगणाऱ्या साठ कबरींची चौकशी हमखास करतात. ती जागा शहराबाहेर आहे, वेळ उरला तरच जा.

गावातले दगड: इथे सगळ्यांत जास्त चुका होतात

मोठ्या स्मारकांना राखणदार आहे. तुमच्या गावच्या वेशीवरच्या वीरगळाला तुमच्याशिवाय कोणी नाही. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि शेंड्याला चंद्रसूर्य दिसले की तो वीरगळ समजा. बांगड्या भरलेला कोपरापासूनचा हात असेल तर सतीशिळा. गाढव कोरलेला दगड दिसला तर तो गद्धेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. त्याला लाजून उलटा करून ठेवणारी गावे आहेत, तसे करू देऊ नका.

यापुढचे कळकळीने सांगतो:

- अक्षरे वाचण्यासाठी त्यांवर खडू, पीठ, हळद, तेल काहीही चोळू नका. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपे ऊन असताना फोटो घ्या, नाहीतर बाजूने बॅटरी धरा. अक्षरे आपोआप उठून दिसतात.
- जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइल पेंट आणि फरशी बसवणे थांबवा. रंगाचा थर दिला की कोरीव काम कायमचे बुजते, आणि तो खरवडायला गेले की दगडाचा पापुद्रा निघतो. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी लागते, हेही बांधकाम समितीच्या कानावर घाला.
- सुटी मूर्ती, नाणे, तुकडा घरी आणू नका. जागेवरून हलवलेला दगड कुठला, कोणाचा, हे पुढे कोणालाही सांगता येत नाही. नांगरताना नाणी किंवा दागिने सापडले तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. आधी तलाठ्याला सांगा, पण लेखी सांगा.
- पडक्या देवळात रात्री खड्डे खणलेले, लिंबू-नारळ पडलेले दिसले तर ते गुप्तधनवाल्यांचे काम. स्वतः अडवायला जाऊ नका. ११२वर फोन करा. हा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो.

तुमचे हक्क

जात किंवा लिंग पाहून सार्वजनिक देवळात प्रवेश नाकारता येत नाही. महाराष्ट्रात त्यासाठी १९५६चा कायदा आहे आणि २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महिलांच्या बाबतीत तो स्पष्टपणे अधोरेखित केला. कोणी अडवले तर वाद घालत बसण्यापेक्षा फलक, वेळ, जागा यांची नोंद करून पोलिसांकडे जा. देणगी ऐच्छिक असते, आणि दिली तर पावती मागण्यात संकोच कसला? साधे फोटो बहुतेक ठिकाणी चालतात. ड्रोन, व्यावसायिक चित्रीकरण आणि लग्नाआधीचे फोटो यांना मात्र संरक्षित स्मारकात आधी परवानगी लागते. पर्यटकांसाठी केंद्राचा १३६३ हा मदत क्रमांक आहे. कर्नाटकात काही अडचण आली तर तक्रार तिथल्याच ठाण्यात द्या, ‘घरी जाऊन देऊ’ म्हटले की ती बहुधा राहूनच जाते.

हाताशी एकच दिवस असेल तर खिद्रापूर करा. दोन तासच असतील तर दंडोबा. आणि विजापूरला मुक्कामाची तयारी नसेल तर यंदा जाऊ नका.